रात्रंदिवस जागणारा सेवक आणि त्याचे वीजबिल



१९१५ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. त्याआधीच गिरण्यांत विजेचे दिवे लागले होते आणि त्या दिव्यांनी कामाचा दिवस सूर्यास्तापलीकडे लांबवला होता. म्हणून वीज म्हटली की आम्हां संघटनेच्या माणसांना पहिल्याने तास आठवतात.

आज घराघरांत एक नवा सेवक येऊन बसला आहे. त्याला सर्व्हर म्हणतात. संघटनेचाही एक आहे, अलिबागजवळ एका कार्यकर्त्याच्या माजघरात ठेवलेला जुना संगणक. सभासदांची वर्गणी, नेमणूकपत्रे, कोर्टाचे कागद सारे त्यात. मुरुडचा सभासद मध्यरात्रीही आपला कागद मोबाईलवर मागवू शकतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. या सेवकाला रविवार नाही, आणि त्याची मजुरी मीटर वसूल करतो.

हिशेब अवघड नाही. हजार वॅटचे यंत्र तासभर चालले की एक युनिट. आमचे यंत्र कोणी काही मागत नसतानाही सुमारे ७० वॅट ओढते. महिन्याची झाली ५० युनिटे. पंखाही साधारण तेवढीच वीज घेतो, पण माणूस उठून गेला की पंखा बंद करतात!

खरी मेख पुढे आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढची ३०० पर्यंत दुपटीच्या आसपास. सोयीसाठी पाच आणि दहा रुपये धरू; स्थिर आकार व वीजशुल्क बाजूला ठेवू. घराचा स्वतःचा वापर ९० युनिटांचा, बिल ४५० रुपये. यंत्र आल्यावर वापर १४० आणि बिल ९००!

वहिनींनी, म्हणजे त्या कार्यकर्त्याच्या पत्नीने, दोन्ही बिले कार्यकारिणीपुढे ठेवली. आमचे एक हिशेबनीस म्हणाले, ९०० ला १४० ने भागा, युनिटाला ६ रुपये ४३ पैसे पडतात, यंत्राचे ३२१ देऊन टाका. भागाकार बिनचूक. पण यंत्र नसते तर त्या घराने ४५० च भरले असते ना? मग उरलेले १२९ कोणाच्या चुलीतून आले? स्वस्त युनिटांवर पहिला हक्क घराचा आहे. संस्थेच्या यंत्राने त्यांची सरासरी काढून वाटा मागणे, हे आम्हांला बिनपगारी कामासारखेच वाटते. कारखानदाराने असे केले असते, तर आम्ही दारात बसलो असतो.

उपाय आहे. पंजाएवढा संगणक हेच काम सुमारे १० वॅटवर करतो. महिन्याची ७.२ युनिटे; घराचा वापर शंभराच्या आतच राहतो आणि भर पडते ३६ रुपयांची. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर इथली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर जुने यंत्र कागदोपत्री एक दिवस चालते, लहान यंत्र सात दिवस. प्रत्यक्षात दोन्ही कमीच. सभासदांची वही मात्र आम्ही अजून कागदावरही ठेवतो.

लहान यंत्र बसेपर्यंत दरमहा ४५० रुपये वहिनींच्या हाती रोख द्यावेत, असा ठराव आम्ही मांडला आहे. अनुमोदन मिळाले आहे. हिशेबनीसांचा विरोध आहे. मतदान येत्या रविवारी.