कार्ब्युरेटरखालची चकती

उन्हाळ्याच्या दुपारीं जामखेडकडून सौताड्याचा घाट चढून एखादी जुनी पेट्रोलची जीप पाटोद्यास येते. मालक चहासाठीं दहा मिनिटें इंजिन बंद करतो. परत येऊन पाहतो तों गाडी कांहीं केल्या सुरू होत नाहीं. बॅटरी शाबूत, टाकींत पेट्रोल भरपूर. मग अपराध कोणाचा? पुष्कळदां तो उष्णतेचा असतो.

महिंद्रांनीं १९४७ च्या सुमारास मुंबईंत विलीज जीपांची जुळणी आरंभिली. त्या जीपांच्या २.२ लिटरच्या इंजिनांत पेट्रोलमिश्रित हवा आंत नेणारी नळी व धूर बाहेर टाकणारी नळी एकाच बाजूस, एकमेकींस लागून असतात. इंजिन चालूं असतां पंख्याचा वारा व नवें पेट्रोल कार्ब्युरेटरास थंड ठेवतात. इंजिन थांबतांच तो आधार जातो. खालची उष्णता वर चढते. पेट्रोलांतील हलके अंश ४० अंश सेंटिग्रेडच्या आसपासच उकळूं लागतात. वाटींतलें पेट्रोल उतूं जाऊन इंजिनांत ओघळतें. तेंच बाहेर धुराच्या तप्त नळीवर पडलें तर आगीचें भय!

यावर उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखालीं बसवावयाची जाड चकती. कारागीर तिला स्पेसर म्हणतात. ती निवडतांना पहिला विचार पदार्थाचा. अॅल्युमिनियमची चकती देखणी व टिकाऊ खरी. पण ती बेकलाइटपेक्षां शेंकडों पटींनीं अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून १९०७ सालीं बेकलंडनें शोधलेल्या बेकलाइटच्या जातीचीच चकती घ्यावी.

दुसरा विचार जाडीचा. जाडी वाढली कीं उष्णता कमी पोहोंचते. परंतु बॉनेट मिटलें पाहिजे, थ्रॉटलचा दांडा अडतां कामा नये, आणि स्टड पुरेसे लांब हवेत. कार्ब्युरेटरच्या माथ्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट हलकेंच मिटावें. गोळा किती चेपला यावरून मोकळी जागा कळते. साधारणतः पाव ते अर्धा इंच जाडी पुरते.

तिसरा विचार छिद्राचा. १९६०-७० च्या काळांतील आठ सिलिंडरांच्या दांडग्या अमेरिकन मोटारींपैकीं पुष्कळांच्या कार्ब्युरेटरास चार तोंडें असत. तेथें चार वेगळ्या छिद्रांची चकती कमी वेगांत सहसा बरी. एकाच मोठ्या छिद्राची शर्यतीच्या वेगांत. घाटांत सावकाश चढणाऱ्या जीपेच्या कार्ब्युरेटराचें तोंड एकच. छिद्र त्या तोंडाएवढेंच असावें.

चकतीच्या दोन्ही अंगांस नवें पॅकिंग घालावें व नट आळीपाळीनें, बेतानेंच आवळावे. अति आवळल्यास बेकलाइट तडकतें. मंद चालतांना इंजिन डगमगूं लागलें, तर सांध्यांतून हवा शिरते आहे असें समजावें.

मात्र पेट्रोलची नळी धुराच्या नळीस चिकटून गेली असेल, किंवा तरंग्याची झडप गळत असेल, तर कोणतीहि चकती कामाची नाहीं. आधीं तें दुरुस्त करावें, मग चकतीस पैसे खर्चावे. एवढें केलें म्हणजे पाटोद्याचा चहा मालकास निर्धास्तपणें घेतां येईल.