पेटी, पियानो आणि ऐकण्याचा हक्क

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हळदीच्या आणि सोयाबीनच्या भावासाठी मोंढ्यात भांडणाऱ्या माणसांपुढे शूबर्ट आणि ब्राम्स यांच्या संगीताची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आजच्या विषयाला विचारला जाणार. आणि तो विचारलाच पाहिजे. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात युरोपातील एकोणिसाव्या शतकाचे पियानो-संगीत ही चैन आहे असे म्हणणारा कार्यकर्ता अरसिक नसतो, तो जबाबदार असतो. तथापि त्याच्या आक्षेपात एक गृहीत दडलेले असते. उत्तम कला मूळची श्रीमंतांची. कष्टकऱ्याला ती द्यायचीच तर पोटाचे सर्व प्रश्न सुटल्यावर, सवडीने द्यावी, असे ते गृहीत आहे. ते इतिहासाला धरून नाही. कयाधूच्या काठी, नर्सीला ज्यांचे जन्मस्थान मानले जाते त्या नामदेवांचे घराणे शिंप्याचे होते. त्यांच्या कीर्तनाने पोट भरण्याची वाट पाहिली नाही, आणि त्यांची पदे पंजाबपर्यंत जाऊन गुरु ग्रंथ साहिबमध्ये रागवार लावली गेली. दूरच्या भाषेतील संगीत आपलेसे करण्याचा हा व्यवहार मराठवाड्याला नवा नाही.

ज्या संगीताविषयी येथे बोलायचे आहे त्याला इंग्रजीत ‘चेंबर म्यूझिक’ म्हणतात. मराठीत त्याला खोलीतले किंवा बैठकीचे संगीत म्हणता येईल. तीन, चार किंवा पाच वादक असतात. प्रत्येकाचा भाग वेगळा, एका भागाला एकच वादक, आणि समोर उभा राहून हातवारे करणारा संचालक नाही. व्हायोलिन, व्हायोला, चेलो ही तंतुवाद्ये आणि त्यांच्यासह पियानो, अशी जुळणी एकोणिसाव्या शतकात विशेष बहरली. हिंदुस्थानी मैफलीत गायक मुख्य असतो. तबला, पेटी, तंबोरा त्याच्या साथीला असतात. येथे कायमचा मुख्य कोणी नाही. स्वरवाक्य व्हायोलिनकडून चेलोकडे जाते, पियानो त्याला उत्तर देतो, मग पियानोच्या हातातील विषय व्हायोला उचलते. रागाची बढत नसल्याने ऐकणाऱ्याला प्रथम चुकल्यासारखे होते. एकाच वेळी अनेक स्वर वाजतात, त्यांचा मेळ बदलत जातो आणि त्या बदलातून भाव निर्माण होतो. कान या गोष्टीला सरावायला थोडा वेळ लागतो, इतकेच.

हे संगीत जन्मले कोणासाठी? त्याच्या पूर्वीच्या शतकात संगीतकार हा बहुधा दरबाराचा किंवा चर्चचा चाकर होता. एकोणिसाव्या शतकात ही चाकरी सुटत गेली आणि संगीतकार बाजारात उभा राहिला. त्याचे नवे ग्राहक म्हणजे शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबे, ज्यांच्या घरात पियानो आला होता आणि जी छापील स्वरलिपी विकत घेऊन संध्याकाळी एकत्र वाजवत. पियानो हे औद्योगिक क्रांतीचे अपत्य होय. १८२५ मध्ये बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉक यांनी त्याच्या एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. अशा चौकटीमुळे तारांचा अधिक ताण पेलता येऊ लागला, आवाज वाढला, आणि पुढे हे वाद्य कारखान्यातून बाहेर पडू लागले. बाजाराने कलावंताला मालकापासून सोडवले, आणि त्याच बाजाराने त्याला दारिद्र्यातही लोटले. फ्रान्झ शूबर्ट हे त्याचे ठळक उदाहरण. १८१९ च्या सुमारास त्यांनी स्टायर या ऑस्ट्रियन गावातील खाणखात्याच्या एका हौशी चेलोवादक अधिकाऱ्यासाठी एक पंचवाद्य-रचना केली. ‘ट्राउट’ म्हणजे एका माशाच्या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. ती छापली गेली १८२९ मध्ये. शूबर्ट त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारले होते.

या संगीताच्या रचनेतच एक सामाजिक प्रश्न आहे. पियानो बलाढ्य आहे. दहा बोटांनी तो एकटाच एवढा नाद उभा करतो की शेजारचे व्हायोलिन सहज बुडून जावे. विषम बळाच्या आवाजांना एका बैठकीत समान स्थान कसे द्यावे, हा रचनाकारापुढचा पेच होता. रॉबर्ट शूमान यांनी १८४२ मध्ये पियानो आणि चार तंतुवाद्ये यांची जी रचना केली तिने या जुळणीला प्रतिष्ठा दिली. तीत कधी पियानो एका बाजूला आणि चौघे दुसऱ्या बाजूला असा सामना होतो, तर कधी पियानो मागे सरून केवळ आधार देतो. योहान्नेस ब्राम्स यांना तर एकच आशय तीनदा लिहावा लागला. प्रथम त्यांनी तो केवळ पाच तंतुवाद्यांसाठी लिहिला, नंतर दोन पियानोंसाठी. दोन्ही वेळा निकटच्या संगीतज्ञांनी उणिवा दाखविल्या. अखेर १८६४ मध्ये पियानो आणि चार तंतुवाद्ये यांच्या रूपात ती रचना सिद्ध झाली. बलवानाने आवाज आवरला आणि दुर्बळांनी एकजूट केली तरच ऐकण्याजोगे काही निर्माण होते, हे येथे तत्त्वज्ञान म्हणून सांगितलेले नाही. ते प्रत्यक्ष कानावर पडते.

मात्र या बैठकीत सर्वांना सारखा प्रवेश होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. स्त्रीला पियानो शिकविला जाई तो घराची शोभा म्हणून. फानी मेंडेल्सझोन या मुलीची प्रतिभा भावाच्या तोडीची होती. तिच्या वडिलांनी तिला बजावले की संगीत भावाचा व्यवसाय होऊ शकेल, तिच्यासाठी ते अलंकारच राहिले पाहिजे. तिने १८४७ मध्ये पूर्ण केलेली पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांची रचना धाकट्या बहिणीच्या वाढदिवसासाठी होती. त्याच वर्षी ती वारली. रचना छापली गेली १८५० मध्ये. क्लारा शूमान ही युरोपातील अग्रगण्य पियानोवादक. विसाव्या वर्षी तिने रोजनिशीत लिहून ठेवले की स्त्रीने रचनाकार होण्याची इच्छा धरू नये. तरीही १८४६ मध्ये तिने पियानो-त्रयीची जी रचना केली ती आजही वाजविली जाते. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळताकांडताना अभंगरचना केली हे ज्या मुलखाला ठाऊक आहे, त्याला या दोघींची कोंडी समजावून सांगावी लागू नये.

भाषेचा प्रश्नही या संगीताच्या इतिहासात आहे. आंतोनिन द्वोर्झाक हे बोहेमियातील एका खेड्यातल्या खाटकाचे पुत्र. त्यांचा देश ऑस्ट्रियन साम्राज्यात होता आणि प्रतिष्ठेची भाषा जर्मन होती. बर्लिनचा प्रकाशक त्यांचे नाव जर्मन पद्धतीने छापू पाही, तेव्हा आपल्या रचनांवर चेक भाषेलाही स्थान असावे यासाठी द्वोर्झाक त्याच्याशी भांडले. त्यांच्या १८८७ च्या पियानो-पंचवाद्य रचनेचा दुसरा भाग ‘दुम्का’ या स्लाव प्रकारावर बेतलेला आहे, तर तिसऱ्याला ‘फुरियांत’ या चेक लोकनृत्याचे नाव दिले आहे. निजामी राजवटीत शाळा-कचेऱ्यांतून मराठी दुय्यम ठरलेली ज्या प्रदेशाने १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत अनुभवली, त्याला या भांडणाचा अर्थ लगेच कळावा.

यावर कोणी म्हणेल, हे सारे युरोपचे झाले. हिंगोलीशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दोन वाटांनी आला. पहिली वाट पेटीची. ज्या १८४२ साली शूमान आपली पंचवाद्य-रचना लिहीत होते, त्याच साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबें यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. भारतात या वाद्याला हाताने चालणारा भाता बसला, ते जमिनीवर उतरले आणि भजनी मंडळात जाऊन बसले. ते विदेशी आहे, भारतीय श्रुतींना प्रतिकूल आहे, या कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके त्याला बंदी घातली होती. गावोगावच्या भजनी मंडळांनी त्या बंदीकडे लक्ष दिले नाही. काय आपले आणि काय परके, याचा निवाडा तेथे हुकमाने झाला नाही, वापराने झाला.

दुसरी वाट रेडिओची. वाल्टर काउफमन हे कार्ल्सबाडला १९०७ मध्ये जन्मलेले ज्यू संगीतकार. हिटलरची सत्ता आल्यानंतर, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले आणि काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्यूझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर आठवड्याला बैठक होई. पियानोवर काउफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. थोड्याच वर्षांत शंभराहून अधिक बैठका झाल्या. पण जागा जिमखान्याची होती. गिरणगावातील कामगार तेथे पोचण्याचा संभव नव्हता. पुढे १९४६ पर्यंत काउफमन मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. आकाशवाणीची जी ओळखधून पहाटे केंद्र सुरू होताना वाजते, ती सामान्यतः त्यांच्याच नावे सांगितली जाते. तंबोऱ्याच्या नादावर चढणारे ते व्हायोलिन परभणी केंद्रावरून या जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्यांनी गोठ्यात, चुलीपुढे ऐकले. जिमखान्याच्या भिंतीआड राहिलेला माणूस सार्वजनिक रेडिओमुळे खेड्यात पोचला.

काउफमन यांच्या उदाहरणात रसग्रहणाचा धडाही आहे. भारतीय संगीत त्यांना प्रथम परके आणि अगम्य वाटले. परंतु त्यांनी असा विचार केला की ज्या संगीतावर लक्षावधी माणसे प्रेम करतात ते आपल्याला कळत नसेल, तर दोष आपल्याकडेच असला पाहिजे. मग ते शिकत राहिले. आणि १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राग आणि बर्लिनमध्ये शिकलेला माणूस रागांपर्यंत ज्या नम्रतेने आला, त्याच नम्रतेने हिंगोलीचा भजनी माणूस शूबर्टपर्यंत जाऊ शकतो.

त्याने आरंभ कोठे करावा? ‘ट्राउट’च्या चौथ्या भागापासून. एक सोपी चाल प्रथम तंतुवाद्ये वाजवितात. नंतर तीच चाल नवी वळणे घेत एकेका वाद्याकडे जाते. मूळ चीज धरून ठेवण्याची सवय असलेल्या कानाला हे अवघड नाही. नंतर द्वोर्झाक ऐकावेत. आरंभीच पियानोच्या आधारावर चेलो जे गाते ते पुन्हा ओळखू येते. मग शूमान यांचा शोकयात्रेच्या चालीने जाणारा दुसरा भाग, आणि शेवटी ब्राम्स. प्रत्येक रचना किमान दोनदा ऐकावी, आणि दुसऱ्या वेळी फक्त चेलोचा माग काढावा. पुढे असणाऱ्याखेरीज इतर कोण काय बोलत आहे हे ऐकण्याची सवय सभा चालविणाऱ्या कार्यकर्त्यालाही उपयोगी पडेल.

राहिला खर्चाचा प्रश्न. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. यंत्रमागावर एका कामगाराचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले. पण चाळीस मिनिटांच्या पंचवाद्य-रचनेला १८१९ मध्ये पाच माणसांची चाळीस मिनिटे लागत, आजही तेवढीच लागतात. इतरत्र उत्पादकतेबरोबर मजुरी वाढते, म्हणून येथे खर्च तुलनेने वाढतच जातो. शिक्षक आणि परिचारिका यांच्या कामाचेही असेच आहे. अशी कामे नुसत्या बाजारावर सोडली तर ती महाग होतात आणि मग मोजक्यांची होतात. म्हणून शाळा आणि दवाखाना यांप्रमाणे संगीताच्या मागेही समाजाचे पाठबळ असावे लागते, हा निष्कर्ष भावनेचा नाही, हिशेबाचा आहे.

प्रत्यक्ष मैफल हिंगोलीस आणणे आज कठीण आहे. ऐकणे कठीण नाही. शूबर्ट, शूमान, ब्राम्स, द्वोर्झाक यांच्या रचनांवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, आणि भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्कही प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. फोन बहुतेकांच्या हाती आहे. मात्र फोन माणसाला एकटे ऐकवतो, आणि जाहिरात मध्येच तोडते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये वसमतला, कळमनुरीला, सेनगावला, औंढ्याला असताना आठवड्यातील एक संध्याकाळ, एक ध्वनिक्षेपक आणि दहा खुर्च्या एवढे जमविणे अशक्य नाही. तेथे गावातला पेटीवाला बोलवावा. आधी त्याने एक अभंग वाजवावा, मग शूबर्ट ऐकावा, आणि दोन्हींवर चर्चा व्हावी. मोंढ्याची वेळ पाहून ही वेळ ठरवावी, म्हणजे हमालालाही येता येईल. आणि शेतातून परतलेल्या बाईच्या हातून त्या तासापुरता स्वयंपाक कोण घेणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे. ते ठरले नाही तर या खोलीतही फानीची जागा रिकामीच राहील.