खूण घातली की जबाबदारी आली



मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांचा हा मेळावा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या नांदगावात भरतो आहे आणि त्याचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. मराठीत ज्ञानकोशाची परंपरा मोठी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघाला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. ही डोंगराएवढी कामे झाली, पण त्यांत गावाकडचा माणूस बहुतेक वाचकच राहिला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि हा वाचक लेखक होऊ शकला. इथल्या तिठ्यावर देवगडच्या एसटीची वाट पाहणारा विद्यार्थी हातातल्या मोबाईलवरून आपल्या गावाच्या पानात भर घालू शकतो, ही सोय मराठीच्या इतिहासात पूर्वी कधीच नव्हती.

या सोयीच्या मुळाशी काही साध्या खुणा आहेत. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. हा तांत्रिक भाग म्हणून कार्यशाळेत शेवटच्या अर्ध्या तासात उरकला जातो. माझ्या मते विकिलेखनाची नीती तिथेच शिकवली जाते.

खुणा मोजक्याच आहेत. मथळा हवा असेल तर शब्दांच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हे. ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन अवतरणखुणा. यादीसाठी ओळीच्या आरंभी तारका. क्रमांक हवे असतील तर तारकेऐवजी हॅशचे चिन्ह. दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस. साच्यासाठी, म्हणजे अनेक पानांत पुन्हा वापरायच्या तयार मजकुरासाठी, दुहेरी महिरपी कंस. एवढ्यावर नवा लेखक पहिल्याच दिवशी नीटनेटके पान लिहू शकतो.

ही रीत संगणकाने शोधलेली नाही. खिळे जुळवून छपाई व्हायची, तेव्हा संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करून ते छापखान्यात पाठवत असे. हा मथळा, हा उतारा, इथे नवा परिच्छेद, हे शब्द ठळक. जुळारी त्या खुणा वाचून खिळे लावी. मजकूर कसा दिसावा यापेक्षा त्यातला कुठला भाग काय आहे, हे त्या खुणा सांगत. विकीच्या खुणाही तेच करतात. फरक एवढाच की लेखक, संपादक आणि जुळारी ही तिन्ही माणसे आता एकच आहेत, आणि म्हणून तिघांची जबाबदारीही एकाच्याच डोक्यावर आली आहे.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी सुरू केले. त्यात दुवा करण्याची युक्ती अशी होती की दोन इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांनी सुरू करून जोडून लिहायचे. संगणक त्याचा दुवा करी. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तिथेही आरंभी हीच रीत होती. आता विचार करा, देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेदच नाही. ती रीत कायम राहिली असती, तर मराठीत दुवा करायचा कसा? लवकरच दुहेरी चौकटी कंस आले आणि जगातल्या कुठल्याही लिपीला दार उघडले. खूण साधी असली की ती किती माणसांना आत घेते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

पण दार उघडले म्हणून वाट सपाट झाली असे नाही. मराठी लेखकाला ज्या ठिकाणी ठेच लागते, ती ठिकाणे नेमकी सांगायला हवीत. इंग्रजीतल्या मार्गदर्शिका वाचून ती कळत नाहीत.

पहिली अडचण कळफलकाची. इनस्क्रिप्ट कळफलकात चौकटी कंसाच्या कळीवर ‘ड’ आहे, अवतरणखुणेच्या कळीवर ‘ट’ आहे, बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ऋकाराची खूण आहे. म्हणजे प्रत्येक दुव्याला आणि मथळ्याला कळफलक बदलावा लागतो. नव्या माणसाचा उत्साह इथेच निम्मा होतो. संपादनपट्टीवरची बटणे त्याला पहिल्याच तासात दाखवून द्या.

दुसरी अडचण विसर्गाची. पान एखाद्या विषयाच्या वर्गात घालायचे तर ‘वर्ग’ या शब्दानंतर अपूर्णविराम हवा असतो. मराठी कळफलकावरून बोट सवयीने विसर्ग उमटवते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत. पान वर्गात जात नाही आणि लेखक तासभर चूक शोधत बसतो.

तिसरी अडचण परिच्छेदाची. वहीत आपण नव्या परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घेऊन सुरू करतो. विकीवर ओळीच्या आरंभी जागा सोडली की तो मजकूर चौकटीत जातो आणि पानाच्या बाहेर सरळ पळत सुटतो. परिच्छेद हवा तर मध्ये एक ओळ रिकामी सोडायची, एवढेच.

चौथी गोष्ट आपल्या व्याकरणाची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठीत नाम वाक्यात येताना रूप बदलते. आंबा आंब्याचा होतो, विजयदुर्ग विजयदुर्गावर होतो. कंसाबाहेर नुसता प्रत्यय चिकटवून भागत नाही. म्हणून कंसाच्या आत उभी रेघ द्यायची: डावीकडे पानाचे नाव, उजवीकडे वाक्यात हवे ते रूप. पडद्यावर पाहा:

[[विजयदुर्ग|विजयदुर्गावर]]
[[आंबा|आंब्याच्या]]
[[नांदगाव (कणकवली)|नांदगावला]]

ही उभी रेघ मराठी विकिलेखकाची रोजची सोबतीण आहे. ती टाळण्यासाठी काही जण वाक्यच मोडतात. ‘विजयदुर्ग येथे’, ‘आंबा याच्या’ असे लिहितात. कृपा करून तसे करू नका. खुणेसाठी मराठी वाकवायची नाही. मराठीसाठी खूण वाकते, ती सोय करून ठेवलेली आहे.

तिसऱ्या ओळीतल्या नांदगावाकडे पुन्हा पाहा. नाशिक जिल्ह्यात नांदगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. अमरावतीत नांदगाव खंडेश्वर आहे. रायगडात मुरूडजवळ नांदगाव आहे. आपले नांदगाव कणकवली तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे, जिथून देवगडचा फाटा फुटतो आणि जिथल्या कोकण रेल्वेच्या स्थानकाचे नाव नांदगाव रोड आहे ते. नुसत्या ‘नांदगाव’ला कंस घातले तर वाचक कुठल्याही जिल्ह्यात जाऊन उतरेल. कंसात तालुका लिहिणे ही चार अक्षरांची मेहनत आहे, पण तिच्यामुळे एका गावाची ओळख दुसऱ्या गावात मिसळत नाही. तसेच पुनर्निर्देशनाचे. कोणी वेंगुर्ला लिहितो, कोणी वेंगुर्ले. विजयदुर्गाला जुन्या कागदांत घेरिया हेही नाव आहे. प्रत्येक रूपावरून वाचक योग्य पानावर पोचला पाहिजे. कुठले रूप शुद्ध यावर वाद घालण्याआधी एका ओळीचे पुनर्निर्देशन करून ठेवा.

आता थोडे कठोर बोलते, आणि ते आपुलकीने ऐकून घ्याल अशी खात्री आहे. मराठी विकिपीडियावर गावांची कितीतरी पाने एकाच ठशाची आहेत. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे ओळीने लागलेले दिसतात. खुणा बिनचूक असतात आणि खाली मजकूर नसतो, किंवा शेजारच्या गावालाही चालेल असे एखादे वाक्य असते. मथळा ही वाचकाला दिलेली हमी आहे. ‘लोकजीवन’ लिहिलेत तर गावात कुठली शेती होते, दशावतार कधी होतो, कामाला माणसे कुठे जातात, हे खाली आले पाहिजे. येत नसेल तर मथळा काढून टाका. दोन खऱ्या परिच्छेदांचे पान सात पोकळ मथळ्यांच्या पानापेक्षा मोठे असते.

आणि सर्वांत मोठी हमी असते ती संदर्भाच्या खुणेची. ती रोमन अक्षरांत, कोनी कंसांत लिहावी लागते, म्हणून नवे लेखक तिला बिचकतात. वाक्याच्या शेवटी ती उघडायची, पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष, पृष्ठ लिहायचे आणि बंद करायची. पानाच्या तळाशी संदर्भयादी आपोआप तयार होते. या छोट्या खुणेचे मोल आपल्या जिल्ह्यातल्याच एका उदाहरणाने सांगते.

विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे आहेत; त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी तिथून हेलियमचा शोध लावला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. आता या वाक्याला संदर्भाची खूण घालायला बसा. शोधू लागलात की हाती येते ते असे: त्या ग्रहणाचे निरीक्षण करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली पिवळी रेषा कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नाही हे पुढे मांडले. पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅम्झी यांना १८९५ साली सापडला. लॉकियर विजयदुर्गावर खरोखर आले, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन ग्रहणांची आठवण लोकस्मृतीत एक झाली.

यात विजयदुर्गाचा कमीपणा कसला? जगातले एक अग्रगण्य सूर्यशास्त्रज्ञ आपली माणसे आणि दुर्बिणी घेऊन आपल्या किल्ल्यावर उतरले, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे, आणि ती पुराव्यानिशी सांगता येते. आख्यायिकाही लिहा, ‘असे मानले जाते’ म्हणून, वेगळ्या परिच्छेदात लिहा. संदर्भाच्या खुणेने आपल्याला एवढेच विचारले की हे तुला कुठून कळले. हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय ज्या मुलाला लागली, त्याला पुढे व्हॉट्सॲपवरचा कुठलाही निरोप सहजासहजी फसवू शकणार नाही.

मला ठाऊक आहे, आता दृश्य संपादक आला आहे. बटण दाबले की अक्षर ठळक होते, खुणा दिसतही नाहीत. मग त्या शिकाव्यात कशाला, असे तरुण मित्र विचारतात. दृश्य संपादक जरूर वापरा. ज्यांची नजर किंवा बोटे थकली आहेत त्यांना तो वरदान आहे. पण साचा बिघडला, तक्ता फुटला, कोणी संदर्भ गुपचूप काढून टाकला, तर ते उघडे पडते स्रोतातच. दोन आवृत्त्यांमधला फरक पाहताना खुणाच समोर येतात. ज्याला त्या वाचता येतात तो पानाची राखण करू शकतो, आणि ज्ञानकोशाला लेखकांइतकीच राखणदारांची गरज आहे.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या चार मागण्या आहेत. शाळांमधल्या संगणकाच्या तासाला मुलांना धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, आपल्या वाडीविषयी दोन परिच्छेद, एक दुवा आणि एक संदर्भ लिहायला द्या. गावोगावच्या वाचनालयांनी आपल्याकडची स्थानिक इतिहासाची पुस्तके, स्मरणिका आणि विशेषांक यांची यादी करून ती विकिलेखकांना खुली करावी; संदर्भ तिथेच दडलेले आहेत. शोधताना एवढे ध्यानात ठेवा की सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीचा आपला बहुतेक कागद रत्नागिरीच्या किंवा सावंतवाडीच्या नावाखाली आहे. रत्नागिरी आणि सावंतवाडी यांचे १८८० सालचे गॅझेटियर आपल्या प्रत्येक लेखकाने चाळलेले असावे. तिसरी मागणी जुन्या लेखकांकडे: नवख्याचे पान खुणा चुकल्या म्हणून उडवू नका. खूण दुरुस्त करा आणि त्याच्या चर्चापानावर काय चुकले ते दोन ओळींत, आपुलकीने सांगा. आणि चौथी मागणी आपणा सर्वांकडे: जिथे पुरावा नाही तिथे ‘संदर्भ हवा’ ही खूण लावायला लाजू नका. ती लावणे हा लेखकाचा अपमान नव्हे, पुढच्या लेखकाला दिलेले ते काम आहे.

मित्रहो, दुपारच्या सत्रात आपण जिल्ह्यातल्या गावांची पाने प्रत्यक्ष उघडणार आहोत. प्रत्येकाने एकच पान घ्यावे, त्यातला एक पोकळ मथळा एकतर भरावा किंवा काढावा, आणि एका तरी वाक्याला पक्का संदर्भ द्यावा. या सभागृहातल्या साऱ्यांनी एवढे केले, तर संध्याकाळी सिंधुदुर्गाविषयी मराठीत वाचणाऱ्याला सकाळपेक्षा अधिक विश्वासाचे काही मिळेल. त्या कामात मी तुमच्या शेजारी बसेन.