मोटारीच्या चाकाचे हलके नट

श्रोतेहो, आपल्या भागात बंडीच्या चाकाबद्दल कुणाला काही शिकवावे लागत नाही. बैल जुंपण्यापूर्वी आसाच्या टोकाची लोखंडी खीळ जागेवर आहे ना, हे घरचा पोरगासुद्धा पाहतो. मोटारीचे चाक मात्र चार-पाच नटांवर धरलेले असते, आणि चाक पंक्चर होईपर्यंत त्या नटांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आता तर बाजारात निळे, तांबडे, जांभळे असे चमकणारे हलके नट मिळू लागले आहेत. काही ॲल्युमिनियमचे, तर काही टायटॅनियमचे. ते घ्यावेत की नाही, याचा आज विचार करू.

आधी नट काय करतो ते पाहा. पुष्कळांना वाटते, गाडीचा भार त्या बोल्टांवर टांगलेला असतो. तसे नाही. बंडीवर तणसाचा भारा दोराने करकचून बांधला की भारा हलत नाही. दोर सैल पडला की भारा डुलतो आणि दोरही घासून तुटतो. नटाचे काम त्या दोराचे आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, चाक मागच्या तबकडीवर घट्ट दाबले जाते, आणि त्या दाबातल्या घर्षणावर सारा भार पेलला जातो. ताण गेला की चाक हलू लागते, आणि मग उत्तम पोलादी बोल्टही तुटतो.

आता वजनाचा हिशेब. लहान मोटारीचा पोलादी नट साधारण ५० ग्रॅमचा धरा. चार चाकांचे सोळा नट म्हणजे ८०० ग्रॅम. तेच नट टायटॅनियमचे केले तर सुमारे ४५० ग्रॅम भरतील. वाचले किती? ३५० ग्रॅम! पावसाळ्यात धानाच्या बांधावरून गाडी काढली, तर याहून जास्त चिखल एकेका चाकाला चिकटतो. शिवाय नट चाकाच्या मध्याजवळ असतात, त्यामुळे फिरण्यातला फायदाही नगण्य. शर्यतीच्या गाडीला ग्रॅम-ग्रॅम मोजावा लागतो, तिथे ही हौस शोभते. मूलहून गडचिरोलीला जाणाऱ्या मास्तरांच्या गाडीला तिचे काय काम?

ॲल्युमिनियमचा नट तर मी कुणाला सुचवणार नाही. धातू मऊ, पाना जरा जास्त फिरला की आटे जातात. ब्रेक तापले की त्याची ताकद आणखी उतरते. टायटॅनियमची गोष्ट निराळी. १७९१ साली इंग्लंडात विल्यम ग्रेगर यांना काळ्या वाळूत हा धातू सापडला. तशी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेली त्याची मिश्रधातू चांगल्या पोलादाच्या तोडीची असते, गंजत नाही, तापली तरी दबत नाही. दोष एकच, पण मोठा: तिचे आटे दुसऱ्या आट्यांत चावून बसतात. म्हणून खास लेप लावावा लागतो, आणि लेप लावला की किती आवळायचे याचा आकडाही बदलतो. नट विकणाऱ्याने तो आकडा लिहून दिला नसेल, तर माल परत करावा.

आलापल्लीहून सिरोंच्याकडे शंभर किलोमीटरच्या आसपास जंगलाची वाट आहे. गाडीत आजारी माणूस आहे, रात्र झाली आहे आणि नट चावून बसला आहे, अशा वेळी हलकेपणा काय कामाचा? काही शोभेच्या नटांना तर वेगळी किल्ली लागते. ती घरी राहिली की स्टेपनी असून नसल्यासारखी. साधा पोलादी नट असेल तर वाटेतला ट्रॅक्टरवालाही आपला पाना काढून मदतीला येतो.

नट बदलायचाच झाला तर आटे आणि बैठक, दोन्ही जुळवून घ्या. काहींची बैठक शंकूसारखी उतरती असते, काहींची चेंडूसारखी गोल. एकाच्या जागी दुसरा बसल्यासारखा दिसतो, पण टेकतो मात्र एका कडेवर. विलीज जीपला डाव्या चाकांवर उलटे आटे असत. जुनी जीप अजून कुणाच्या वापरात असेल, तर पाना लावण्याआधी आटे पाहा.

आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्या. बहुतेक लहान मोटारींना शंभर न्यूटन-मीटरच्या जवळपासचा जोर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तो जोर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलो वजन. पाना पाव मीटरचा असेल तर चाळीस किलो. पान्यावर उभे राहून उड्या मारणारे मिस्त्री यापेक्षा कितीतरी अधिक जोर लावतात आणि बोल्ट कायमचा लांबवून ठेवतात. चाक बसवल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरांनी पुन्हा एकदा पाना फिरवून पाहा.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सांगतो. टायटॅनियम म्हणून विकलेला नट वर्गात आणा आणि आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर तो साधे पोलाद, वर नुसता रंग. नाही चिकटला तर सोनाराच्या काट्यावर वजन करा, मग मोजपात्रातल्या पाण्यात बुडवून पाणी किती मिलिलिटर चढले ते पाहा आणि वजनाला त्या आकड्याने भागा. उत्तर साडेचारच्या जवळ आले तर टायटॅनियम. पावणेतीनच्या जवळ आले तर ते ॲल्युमिनियम, आणि दुकानदाराने किंमत मात्र टायटॅनियमची घेतली.