पनामाचा कालवा

सुएझच्या कालव्याचे नाव आपल्याला नवे नाही. १८६९ साली तो खुला झाला आणि मुंबईहून युरोपात जाणाऱ्या जहाजांचा आफ्रिकेभोवतीचा वळसा चुकला. आज मी बोलणार आहे तो त्याच्या धाकट्या भावाविषयी, पनामाच्या कालव्याविषयी. सुएझचा कर्ता फर्दिनां द लेसेप्स हाच पनामाचाही कर्ता व्हायचा होता. तो होऊ शकला नाही. त्याचे कारण पाहिले, की या कालव्याच्या बांधणीचे मर्म कळते.

१८८१ साली काम सुरू झाले तेव्हा लेसेप्सने पंचाहत्तरी गाठली होती. सुएझप्रमाणे येथेही समुद्रसपाटीवर सरळ चर खणावा आणि अटलांटिक व पॅसिफिक एकमेकांना भेटवावे, असा त्याचा बेत होता. पण सुएझची भूमी सपाट आणि कोरडी. पनामात डोंगर, अरण्य आणि मुसळधार पाऊस. शिवाय चाग्रेस नदी अशी, की पाहता पाहता तिला पूर यावा. पूर्वीच्या यशाने माणूस कधी कधी आंधळा होतो, तो असा.

त्याहून मोठा शत्रू डोळ्यांना दिसत असूनही ओळखू आला नाही. तो म्हणजे डास. रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवीत. त्याच पाण्यात डासांची पैदास होई. पीतज्वर आणि हिवताप यांनी माणसे पटापट मरत. फ्रेंचांच्या कारकिर्दीत वीस हजारांवर माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर असंख्य सामान्य फ्रेंच कुटुंबांची पुंजीही बुडाली.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, आणि तीही आपल्या देशात. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. पीतज्वरही डासामुळेच पसरतो, हे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. १९०० मध्ये ते सिद्ध झाले. १९०३ साली पनामा अमेरिकेच्या पाठिंब्याने कोलंबियापासून वेगळा झाला आणि पुढल्या वर्षी अमेरिकेने हे अर्धवट काम हाती घेतले. तेव्हा डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी आधी डासांशी युद्ध मांडले. साचलेल्या पाण्यावर तेल ओतले, खिडक्यांना जाळ्या बसविल्या, शहरांना नळाचे पाणी दिले. वरिष्ठांना हा खुळेपणा वाटला. पण १९०५ सरता सरता पीतज्वर तेथून हटला.

मग नदीचा प्रश्न. १९०६ साली ठरले, की समुद्रसपाटीचा हट्ट सोडायचा. गातून येथे चाग्रेसला धरण घातले आणि समुद्राहून सुमारे २६ मीटर उंचीवर विस्तीर्ण सरोवर निर्माण झाले. जहाज तेथे चढते कसे? प्रचंड दरवाजांच्या हौदात ते शिरते, मागचा दरवाजा लागतो, वरचे पाणी आपल्या भाराने आत येते आणि जहाज अलगद उचलले जाते. अशा तीन पायऱ्या चढायच्या, सरोवर ओलांडायचे आणि पलीकडे तीन उतरायच्या. पाणी वर उपसण्यासाठी पंप लागत नाही. जी नदी वैरीण होती, तीच भारवाहक झाली!

तरीही कुलेब्राचा डोंगर फोडावा लागलाच. खणलेल्या जागी दरडी कोसळत. पुन्हा खणावे लागे. हे काम मुख्यतः बार्बाडोस आणि इतर वेस्ट इंडीज बेटांवरील काळ्या मजुरांनी केले. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्यात, यांचा चांदीत, वस्त्याही वेगळ्या. अमेरिकन कारकिर्दीत मेलेल्या सुमारे ५,६०० माणसांत बहुसंख्य हेच होते. इतिहासात अभियंत्यांची नावे आहेत; यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज पार गेले. युरोपात महायुद्ध पेटले होते. जगाचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. पण न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा सागरी प्रवास सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांनी कमी झाला. १९७७ च्या करारानुसार १९९९ च्या अखेरच्या दिवशी कालवा पनामाच्या स्वाधीन झाला, आणि २०१६ पासून अधिक मोठ्या जहाजांसाठी नवे हौद खुले झाले.

परंतु जुन्या हौदांतून एक जहाज पार होताना सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्राला मिळते. तेच सरोवर आसपासच्या शहरांची तहान भागविते. २०२३ मध्ये पाऊस रुसला, तेव्हा जहाजांची रोजची संख्या कमी करावी लागली. दोन महासागर जोडणारा हा मार्ग अखेर पावसाच्याच आधाराने चालतो. लेसेप्सने ज्या पावसाला अडथळा मानले, त्याची आज पनामातील माणसे आभाळाकडे डोळे लावून वाट पाहतात.