घरातला शेवटचा सदरा

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याला गर्दी मावेनाशी होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या गर्दीत पुरुषांच्या कपड्यांचे गिऱ्हाईक सर्वांत शेवटी येते, हे मर्म वर्षानुवर्षे गल्ल्यावर बसलेल्यालाच ठाऊक असते. मुलांचे कपडे झाले, घरच्या लक्ष्मीची साडी झाली, पाडव्याची आणि भाऊबिजेची ओवाळणी बाजूला निघाली, की उरल्या पैशांत कर्ता पुरुष स्वतःसाठी एक सदरा घ्यावयास निघतो, आणि तोही बहुधा धनत्रयोदशीच्या रात्री. कारखान्यात राबणाऱ्याच्या हाती कायद्याने ठरलेला किमान ८.३३ टक्के बोनस पडतो तोच मुळी सणाच्या तोंडावर. त्याने लवकर खरेदीची सवलत घ्यावी तरी कशी? हंगामाची आखणी करताना याच माणसाला डोळ्यांसमोर ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ही आखणी पितृपक्षातच व्हावयास पाहिजे. त्या पंधरवड्यात नवे वस्त्र घेण्यास लोक राजी नसतात, दुकानात शुकशुकाट असतो; तेव्हा फळीवरचा माल उतरवून त्याची मोजदाद करावी, गतवर्षीची वही उघडून कोणत्या मापाचा माल केव्हा संपला याचा तपशील काढावा, आणि मगच घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवावी. दसऱ्यानंतर लक्ष्मीपूजनाला अवघे वीस दिवस उरतात. त्या वेळी मागविलेला माल वेळेवर पोहोचेलच याची शाश्वती नसते.

आता सवलतीविषयी. ६०० रुपयांस खरेदी केलेला सदरा १००० रुपयांस विकणारा दुकानदार २० टक्के सूट जाहीर करतो, तेव्हा किंमत पंचमांशाने उतरते, पण त्याचा नफा ४०० वरून २०० वर, म्हणजे निम्म्यावर येतो, आणि पूर्वीइतकीच प्राप्ती होण्यास दुप्पट सदरे विकावे लागतात. हा हिशेब न मांडता शेजाऱ्याची पाटी पाहून आपली पाटी रंगविणारे पुष्कळ आहेत. त्याहून वाईट रिवाज म्हणजे आधी किंमत चढवून मग उतरविणे. ती सरळसरळ फसवणूक आहे आणि गिऱ्हाईक ती ओळखते. सूट द्यावी ती पडून राहिलेल्या मालावर, आणि तीही आषाढातच देऊन मोकळे व्हावे. दिवाळीत सरसकट सूट दिली की ४० आणि ४२ या चालत्या मापांचे सदरे पहिल्या आठवड्यातच उडतात, आणि शेवटच्या रात्री आलेल्या माणसासमोर ३६ आणि ४६ चे गठ्ठे तेवढे उरतात.

सणाला खरोखर शोभणारी सवलत निराळीच आहे. दिवाळसणाच्या खरेदीस आलेली एक प्रौढ गृहिणी मला आठवते. जावयाचे माप तिला ठाऊक नव्हते, मुलीकडून हळूच मागवून घेतलेला त्याचा जुना सदरा तिने पिशवीतून काढला, घडी मोडून काचेवर पसरला आणि झिजलेल्या कॉलरीवरून तळहात फिरवीत म्हणाली, “एवढाच द्या, पण अंगाला जरा सैल असू द्या.” तिला टक्केवारीशी कर्तव्य नव्हते, माप चुकले तर भाऊबिजेनंतरही सदरा बदलून मिळेल, एवढा शब्द तिला हवा होता. तो शब्द आम्ही पावतीवर लिहून दिला, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होताच तेच कुटुंब आहेराच्या खरेदीस आमच्याकडे आले. तेव्हापासून बदलून देण्याची मुदत आणि हातोहात उंची कमी करून देणारा शिंपी या दोन गोष्टींची तजवीज मी जाहिरातीच्या खर्चाआधी करतो.

माझ्या व्यवसायबंधूंना म्हणूनच एवढी विनंती आहे: चालत्या मापांचे थोडे सदरे शेवटच्या दोन दिवसांसाठी फळीवर राखून ठेवा, आणि पहिल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला जो भाव दिलात तोच धनत्रयोदशीच्या रात्री दहा वाजता येणाऱ्यालाही द्या.