सदोष सुट्या भागांचा परतावा : मेहेरबानी नव्हे, हक्क



दुचाकीचे ब्रेक शू, क्लच प्लेट किंवा चेन-स्प्रॉकेटचा संच पूर्वी गॅरेजशेजारच्या दुकानातून घेतला जाई. भाग हाताळून पाहता येई आणि बसला नाही तर त्याच दुकानदाराकडे दाद मागता येई. ऑनलाइन खरेदीने निवडीला वाव वाढला; परंतु विक्रेता दृष्टीआड गेला. काही शे रुपयांचा ब्रेक शू सदोष निघाला तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही, चालकाच्या जिवाचा होतो. म्हणूनच या लहानशा व्यवहारामागील कायदा समजून घेणे अगत्याचे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ संमत झाला तेव्हा ऑनलाइन बाजारपेठ अस्तित्वात नव्हती. ती उणीव २०१९ च्या नव्या कायद्याने भरून काढली. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या या कायद्याच्या व्याख्येत ऑनलाइन खरेदी करणाराही ‘ग्राहक’ ठरतो. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा व्यापारी या व्याख्येत बसत नाही. मात्र केवळ स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वयंरोजगार म्हणून दुचाकीवरून दूध पोहोचवणारा बसतो. परीक्षार्थींनी हा भेद लक्षात ठेवावा.

परताव्याचा आधार

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. वस्तू आवडली नाही म्हणून परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्यात नाही. ती सवलत विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी विसंगत असेल, तर मात्र ती परत घेण्यास वा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० सांगतात. पावतीवर मुदत नमूद असल्यास त्या मुदतीत, अन्यथा तीस दिवसांत परतावा न देणे ही कायद्यानुसार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या एका ओळीने हे दायित्व टळत नाही.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी तक्रार निवारण अधिकाऱ्याची. प्रत्येक ई-वाणिज्य संस्थेने असा अधिकारी नेमणे बंधनकारक असून, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एक महिन्यात तिचे निवारण करावे, अशी तरतूद आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता व तपशील पुरवणे हेही बाजारपेठ चालवणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे. दुसरी पायरी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. तेथे तडजोडीचा प्रयत्न होतो. निवाडा मात्र होत नाही.

तिसरी पायरी जिल्हा आयोगाची. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी तेथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. विक्रेता दिल्लीचा असला तरी नांदेडच्या ग्राहकाला नांदेडमध्येच तक्रार दाखल करता येते, कारण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाच्या निवासाचे ठिकाणही ग्राह्य मानले आहे. तक्रार ऑनलाइन पद्धतीनेही करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. सदोष भागामुळे अपघात होऊन इजा झाल्यास ‘उत्पादन दायित्वा’खाली नुकसानभरपाईचा स्वतंत्र दावा करता येतो.

पुराव्याचे महत्त्व

‘भाग बसवताना मोडला’ हा विक्रेत्याचा नेहमीचा बचाव असतो. त्यामुळे पावती, वेष्टन व भागाची छायाचित्रे, जाहिरातीतील वर्णन आणि मेकॅनिकचा लेखी अभिप्राय जपून ठेवावा. दोष नुसत्या पाहणीने ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागू शकते.

चाचणी नको असल्यास तीन महिन्यांत आणि चाचणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो. आयोगांवरील रिक्त पदांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. काही शे रुपयांसाठी एवढा काळ कोण थांबणार, या विचाराने बहुतेक जण गप्प बसतात आणि तोच सदोष भाग पुढच्या ग्राहकाच्या चाकाला बसतो. आयोग सक्षम करणे हे शासनाचे काम आहे. तक्रार नोंदवणे हे नागरिकाचे. दोन्ही घडल्याशिवाय कायद्याने दिलेला हक्क पदरात पडत नाही.